निकेत घरतची गुरुवारची गाडी

निकेत घरत या माणसाविषयी मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगतो. त्याचं गाव उरणकडे कुठेतरी होतं, पण नेमकं कोणतं ते मी साडेसात वर्षांत विचारलं नाही. त्याच्या बायकोचं नाव मला ठाऊक नाही. दर गुरुवारी तो आमच्या हॉटेलात माल उतरवायला यायचा आणि दहा-बारा मिनिटांत निघून जायचा. ती सगळी मिनिटं एकत्र केली तर फार तर तीन दिवस भरतील. एवढ्या ओळखीवर कुणाबद्दल लिहावं की नाही, याची मला शंकाच आहे. लिहायची सवयही नाही.

पण परवा माझी पुतणी सुचिता आली होती. तिच्या नवऱ्याला, सुजितला, हॉटेलांना खाण्याचा माल पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळते आहे. ती म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं अशा गाड्यांचा माल उतरवून घेतलात, कसं असतं हे काम, आणि माणूस रात्री घरी येतो का? मला तिला नीट काही सांगता आलं नाही. चहा झाला, ती गेली, आणि मग दोन दिवस निकेतच आठवत राहिला. तेव्हा तिला देण्यासाठी म्हणून हे लिहितो आहे.

थळच्या कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झाल्यावर मी नांदगावला समुद्राकाठच्या एका हॉटेलचं स्टोअर सांभाळायला लागलो. मुरूडच्या अलीकडचं हे गाव. फ्रीझरमधला माल, म्हणजे चिकन, मटार, पनीर, लोणी, हे सगळं तळोज्याच्या शीतगृहातून गाडीने येई. गाडी म्हणजे चाकांवरची थंड खोलीच. निकेत पहाटे तीनला ती भरायला उभा राहायचा. भरायची पद्धत उलटी असते. ज्याला शेवटी द्यायचं त्याचा माल सगळ्यात आत, ज्याला आधी द्यायचं त्याचा दाराशी. एक खोका चुकीच्या जागी गेला तर रस्त्यात अर्धी गाडी उपसावी लागते. मग पेण, वडखळ, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंड्याचा पूल, आणि साडेनऊच्या सुमारास आम्ही. आमच्याकडून मुरूड, आगरदांडा, तिथून गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे दिघी, आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन.

मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना हा माणूस लोकरीची कानटोपी आणि स्वेटर घालून गाडीतून उतरायचा. मागचं दार उघडून आत शिरला की धुकं बाहेर यायचं, आणि त्या धुक्यातून तो वीस-पंचवीस किलोचे खोके घेऊन येई. दिवसातून चाळीस वेळा थंडीतून उन्हात आणि उन्हातून थंडीत. त्याचा खोकला बारा महिने असे. चौलच्या वाड्यांमधून रस्ता इतका अरुंद आहे की समोरून एसटी आली की एकाने मागे जावंच लागतं, आणि तो कधी हुज्जत घालत बसला नाही, आपणच मागे जायचा. शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्या आडव्या लावलेल्या असत. काही हॉटेलांत आचारी त्याला अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवत. हे सगळं मला त्याने सांगितलं नाही. आमची आचारीण नीराबाई त्याला चहा देता देता काढून घ्यायची आणि मी स्टोअरच्या दारातून ऐकायचो.

आता माझी चूक सांगतो.

थंड माल उतरवून घेण्याचा एक नियम आहे. घेणाऱ्याने ड्रायव्हरसमोर एक खोका उघडायचा, दोन पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर खुपसायचा, जो आकडा येईल तो चलनावर, म्हणजे मालाच्या पोचपावतीवर, लिहायचा आणि मग सही करायची. बर्फासारख्या गोठवलेल्या मालाचा आकडा वजा अठरा असावा लागतो, एखादा अंश इकडेतिकडे चालतो. निकेतला आगरदांड्याहून पावणेअकराची फेरी गाठायची असे. ती चुकली की पुढची सगळी हॉटेलं खोळंबायची. म्हणून मी काय करायचो, गाडी फाटकातून आत आली की पेन काढायचो. तो इंजिन बंद करेपर्यंत माझं "वजा अठरा" लिहून आणि सही करून झालेली असे. मला वाटे, मी त्याची दहा मिनिटं वाचवतो आहे. खरं म्हणजे उन्हात उभं राहून त्याच्या मालात काडी खुपसून बघायचा मला संकोच वाटे. जणू त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं.

तो दर वेळी म्हणायचा, "काका, आधी बघा तरी." मी हात हलवायचो. नीराबाई चहाचा कप पुढे करत म्हणायची, "अरे, आमच्या काकांचं असंच हाय. बारसं आधी, लग्न मागनं." तो हसायचा आणि खोके आणायला जायचा.

या लाईनवर, म्हणजे या ठरलेल्या रस्त्यावर, त्याचा किती जीव होता हेही मला नीराबाईमुळेच कळलं. आधी सात वर्षं तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवत होता. बंदराबाहेरच्या रांगेत दोन-दोन दिवस केबिनमध्येच झोपायचं. एकदा तीन दिवसांनी घरी गेला, तर त्याची लहान मुलगी प्राप्ती हिने त्याच्यासमोर तांब्या-फुलपात्र आणून ठेवलं, पाहुण्यांना ठेवतात तसं. त्याची आई येसूबाई हसली, पण हा हसला नाही. पुढच्या महिन्यात त्याने ट्रेलर सोडला. या कंपनीत रात्री आठपर्यंत घरी पोचवणारी ही एकच लाईन होती. बाकीच्या गाड्या गोव्याला, इंदूरला जात, चार-चार दिवसांच्या. लाईन टिकवायची अट साधी होती. वर्षात मालाबद्दल दोन तक्रारी आल्या की माणूस लाईनवरून खाली. त्या वर्षी एक तक्रार झालेली होती. चौलजवळ झाड पडलं होतं, गाडी तीन तास उशिरा गेली, आणि पलीकडच्या एका हॉटेलवाल्याने लिहून कळवलं होतं.

तो गुरुवार मे महिन्यातला. आमच्याकडे दुपारी एक वाजता साखरपुड्याचं जेवण होतं, सव्वाशे माणसांचं. चिकन निकेतच्या गाडीतून यायचं होतं. वडखळला गाड्यांची रांग लागली म्हणून तो एक तास उशिरा आला. फेरी चुकणार हे दिसत होतं, म्हणून मी नेहमीपेक्षाही घाईने सही केली. वजा अठरा.

तो पहिला खोका घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून तसाच उभा राहिला. खोक्याचा तळ ओला होता. त्याने कानटोपी काढली. खोका उघडून दोन पाकिटं दाबून बघितली, मग खिशातून थर्मामीटर काढून खुपसला. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो. तो वर वर जात राहिला आणि सातावर थांबला. वजा नाही, नुसते सात.

तो परत गाडीकडे गेला. दाराच्या खालच्या कडेचं रबर हातभर फाटलेलं होतं. केबिनमधला काटा वजा अठराच दाखवत होता, कारण तो गाडीच्या पुढच्या भागातली हवा मोजतो. दाराशी काय चाललं आहे ते त्याला कळत नाही. आणि दाराशी आमचा माल होता. आतला श्रीवर्धनचा माल दगडासारखा कडक होता.

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी हळूच म्हणालो, सही तर झालेली आहे, नीराबाई चांगलं शिजवून काढेल, कुणाला काही कळणार नाही. हे मी त्याच्यासाठी बोललो असं त्या वेळी मला वाटलं. आता वाटतं, एक वाजता सव्वाशे माणसांपुढे काय वाढायचं या भीतीने बोललो.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाला, "आज न्हाय कळणार काका. उद्या कळंल त्यांना."

मग त्याने चलन माझ्यापुढे धरलं. "ह्याच्यावर काट मारा. सात लिवा. खाली लिवा, माल परत."

"तुझी लाईन जाईल रे," मी म्हणालो.

"लिवा तुम्ही."

मी लिहिलं. माझा सात एकासारखा दिसत होता, तर त्याने तो पुन्हा नीट काढायला लावला.

नीराबाईला सांगितल्यावर ती क्षणभर कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, मुरूडहून ताजं चाळीस किलो आणा, पण बाराच्या आत. हॉटेलची गाडी पाहुण्यांना आणायला गेलेली. निकेत म्हणाला, मी मुरूडवरूनच जातो, बसा काका. त्याने अंगातला स्वेटर काढला, गुंडाळला आणि दार लावताना फाटलेल्या रबराच्या फटीत घट्ट कोंबला. आतला माल वाचवायला.

सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्या केबिनमध्ये बसलो. स्टिअरिंगजवळ प्राप्तीचा शाळेतला फोटो होता. खाली प्लास्टिकच्या बरणीत खडे मीठ. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता तिथे गोदामं आहेत. आईने शेवटच्या वर्षाचं थोडं मीठ ठेवलं होतं, ते डब्यातल्या भाकरीबरोबर लागतं म्हणाला. एवढंच बोलला. मग नांदगावच्या बाहेर गाडी कडेला घेऊन त्याने फोन लावले, आधी अलिबागच्या हॉटेलला, मग नागावच्या. दोघांनीही सकाळी सह्या करून माल घेतलेला होता. त्याने त्यांना सांगितलं, माझ्या गाडीचं रबर फाटलंय, तुमचा खोका उघडून बघा, मऊ असेल तर वापरू नका. अलिबागवाला फोनवर मोठमोठ्याने बोलत होता, ते मलाही ऐकू येत होतं. निकेत "व्हय शेठ, व्हय शेठ" करत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "झाली दुसरी." आणि गिअर टाकला.

मुरूडला त्याने चिकनवाल्याकडून माल घेऊन दिला, पिशव्या स्वतः रिक्षात ठेवल्या आणि आगरदांड्याकडे गेला. जेवण पावणेदोनला सुरू झालं. वरमाय नीराबाईला म्हणाली, रस्सा छान झालाय.

पुढच्या गुरुवारी दुसरा ड्रायव्हर आला. निकेतला इंदूरच्या गाडीवर घातलं असं त्याने सांगितलं. मी त्याच्याकडे थर्मामीटर मागितला तर म्हणाला, असेल कुठेतरी, तुम्ही करा ना सही.

त्या रात्री मी कंपनीला पत्र लिहायला बसलो. चार दिवस लागले. कधी फार लांब व्हायचं, कधी मी स्वतःला सावरून घेतो आहे असं वाटायचं. शेवटी पाच-सहा ओळी राहिल्या. त्यात लिहिलं की मी सहा वर्षं न बघता वजा अठरा लिहीत आलो, ती चूक माझी. त्या दिवशीही तेच लिहून सही केली होती, आणि तुमच्या माणसाने ती स्वतः खोडायला लावली. अलिबाग आणि नागावला फोनही त्यानेच माझ्यासमोर केले, कुणी विचारलेलं नसताना. नीराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सहा वर्षं लिवायलाच पायजे का?" मी राहू दिलं. त्यामुळे माझी नोकरी जाईल असं वाटलं होतं. मॅनेजरने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, एवढंच झालं.

सात आठवड्यांनी, जुलैत, निकेत परत आला. माझ्या पत्रामुळे आला की इंदूरच्या गाडीला दुसरा माणूस मिळाला म्हणून आला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. नीराबाईने त्याला विचारलं, प्राप्तीने या वेळी तांब्या ठेवला का? तो म्हणाला, ठेवायला घेतला होता, आजीने काढून घेतला. दारावर नवं रबर होतं. त्याच्या अंगावर मात्र स्वेटर नवा नव्हता, जुनाच, एका बाजूला काळा पडलेला.

त्यानंतर तो कधी माझ्या हातात चलन आधी देत नसे. खोका ओट्यावर ठेवायचा, थर्मामीटर माझ्या हातात द्यायचा आणि चलन पाठीमागे धरून उभा राहायचा. पावसात, उन्हात, फेरी चुकत असली तरी. पहिले काही महिने मला शरम वाटायची, नंतर सवय झाली. दीड वर्ष असं चाललं. गेल्या जानेवारीत माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि हॉटेलने दुसरा माणूस ठेवला. ते होणार हे मला त्या शेवटच्या गुरुवारी ठाऊक नव्हतं, म्हणून निरोप घ्यायचं काही झालं नाही.

सुचिता, माणूस रात्री घरी येतो का, याचं उत्तर मला एवढंच देता येतं की निकेत येत होता, आणि ज्या दिवशी ते घरी येणं जाणार होतं त्या दिवशीही त्याने तो सात मला नीट काढायला लावला. सुजितने काय करावं ते सांगणारा मी कोण.

त्या शेवटच्या गुरुवारी मटाराचा खोका होता. मला आकडा धूसर दिसत होता, म्हणून मी थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला. तो खोकत उभा होता, चलन पाठीमागे.

"किती, काका?"

"वजा सतरा."

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय. सतराच आहे."

"मग करा सही."