बोट आधी, सूर मागनं

शांता गेली तेव्हा मी सांगलीच्या हळद पेठेत जुन्या हमाल गड्यांबरोबर बसलो होतो. शेजारचा सायकल मारत आला आणि नुसतं म्हणाला, "अण्णा, घरी चला." मी म्हटलं, "हो पुढं, येतो." आणि कपातला चहा संपवूनच उठलो... दीड महिना झाला, त्या चहाची चव अजून तोंडातनं जात नाही.

आमच्या गल्लीच्या भजनात माझी बायको शांता पेटीवर आणि मी टाळावर. कुणाचा ठेका सुटला की मी भर बैठकीत बोलायचो, तिलाही. चांगलं वाजवलंस, हे मात्र चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. पुढं तिचा डावा खांदा धरला. उजव्या हाताची बोटं पळायची, पण भाता ओढवेना. माण तालुक्यातल्या तिच्या आईची एक चाल होती, ती हिच्याशिवाय आता कुणाला येत नव्हती. आपल्या हातानं वाजवून ती टेप करून ठेवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

तिचा धाकटा भाऊ बबन फौजेत वायरलेसवर होता, पेन्शनीत साताऱ्याला असतो. तो जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून एसटीनं घेऊन आला, बरोबर एक की-बोर्ड. त्या की-बोर्डाला स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की कॉम्प्युटरातला प्रोग्राम पेटीचा सूर काढणार. भाता नकोच. शांतानं पट्टी दाबली. सगळं गप्प... आणि मग सूर आला. ती हसत सुटली.

"बबन, हे आमच्या ह्यांच्यावानी हाय रं. हाक मारली की मागनं व्हय म्हणतंय."

"आक्का, त्यो आवाज आधी साठवतो, मग सोडतो. साठा मोठा, म्हणून उशीर."

"म्हंजी घागर भरल्याबिगर वतत न्हाई. मग तांब्या लाव की!"

"तांब्या लय बारका केला तर मधीच रिकामा पडतो. मग तडतडतंय."

नवा काही उपाय बघतो म्हणून बबन साताऱ्याला गेला. ही काय थांबती? दोन महिने बसून तिनं ठेक्याच्या जरा आधी पट्टी दाबायची सवय लावून घेतली. बोट आधी, सूर मागनं, पण ठेक्यावर बरोबर पडायचा. मला ते बघून गरगरायचं. मग बबन फ्लॉपीवर साऊंड कार्ड चालवणारा नवा प्रोग्राम, त्याच्या भाषेत ड्रायव्हर, घेऊन आला. बाकीचे प्रोग्राम बंद केले, साठ्याचा आकडा उतरवत नेला, तडतड सुरू झाली तशी एक पायरी मागं आला. आता बोटाखालीच सूर. आणि शांता प्रत्येक ठेक्याला पुढं!

मी ओरडलो, "अगं, पळतीस कुठं?"

"ह्याच्या उशिराची सवय केली आन त्योच सुधारला. तुमी सुधारला न्हाई तेच बरं, न्हाईतर घरात बी माझा ठेका चुकला असता."

बबन पोट धरून हसला. मी नाही हसलो. आठवडाभर ती सवय मोडत बसली, आणि एका दुपारी माझ्या टाळापुढं माईक ठेवून एका दमात चाल वाजवली. कुठं केसाएवढा फरक नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं. बबननं त्याची कॅसेट करून दिली. म्हणाला, "आक्का, शेवटाला तुमचं बोलणं आलंय, कापू का?" ती म्हणाली, "राहू दे."

कॅसेट मी रोज लावतो. पेटी थांबते, शेवटचा टाळ विरतो आणि ती विचारते, "आवं, बरोबर आलं का?" मग थोडी फट आहे. त्या फटीत मी म्हणतो, "बरोबर आलं, शांता. लय बरोबर." घाईनं म्हणावं लागतं. कारण मागनं लगेच कॅसेटमधला मी बोलतो...

"चहा ठेव."