लांबचं ऐकणारे काका

"थांबा! लांबचं हाय!"

असं म्हणून काका उजवा तळहात वर करत, आणि आम्ही सगळे होतो तिथे थांबत असू. काकू तव्यावरची भाकरी हातात घेऊन थांबत. आमचे यजमान एक वहाण पायात, एक दारात अशा अवस्थेत थांबत. फळीवरच्या रेडिओतून आधी खरखर यायची, मग शिट्टी, मग पुन्हा खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी एक माणूस बोलत असायचा, विहिरीत पडल्यासारखा. काका डोळे मिटून मान हलवत. भाकरी करपायची. मग हात खाली यायचा आणि आम्ही हलायला मोकळे.

तुमच्याही शेजारी कसलं ना कसलं खूळ असलेला माणूस असेल. कुणाला पत्ते लागतात, कुणाला कबुतरं. आमच्या काकांना लांबची रेडिओ स्टेशनं पकडायचं खूळ होतं.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. मी लग्न होऊन भिवपुरीच्या वीजघराच्या खोल्यांमध्ये राहायला आले, तेव्हा काका-काकू भिंतीपलीकडे होते. काका वीजघरात मोठ्या चक्रांना तेल घालायच्या कामावर. वय पन्नाशीचं, शरीर काटक, बोटांना कायम तेलाचा वास. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुना रेडिओ घेतला होता आणि छपरावर उंच बांबू बांधून त्याला तांब्याची तार ताणली होती. आमच्या ओळीत तो एकच रेडिओ. साहजिकच लोक येऊन म्हणत, "काका, मुंबई लावा की. गाणी ऐकू."

"मुंबई काय ऐकायची?" काका म्हणत. "उद्या गाडीत बसलात का पोचाल मुंबईला. पाय पोचत नाय ते ऐकावं."

मग ते काटा फिरवत आणि कुठल्या तरी देशाची बाई लागे. काय बोलते ते कुणालाच कळत नसे, काकांनाही नाही. पण काका अर्थ सांगत. "बाजारभाव सांगते. कांदा चढला तिकडं." एकदा एक बाप्या फार जोरजोराने बोलत होता. काका थोडा वेळ ऐकून म्हणाले, "भावकीतलं भांडान हाय. बांध कोरलाय कुणी तरी." आमचे यजमान कामावर त्यांना चिडवायचे, "काय काका, काल कुठल्या देशात कोण शिंकलं?" काका न रागावता सांगायचे, "शिंकला नाय कोण. पण पाऊस होता. छपरावर वाजत होता."

त्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलेलं होतं. ते म्हणत, "आपल्याइतका रेडिओ कुनाचाच वाजनार नाय. का? आपल्याला वीज ताजी मिळते. इथं निघते, इथंच आपण घेतो. मुंबईला जाईस्तवर शिळी होते ती." मी माहेरी गेले तेव्हा हे मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. माहेरी वीजच नव्हती, त्यामुळे तिथेही सगळ्यांना पटलं.

काकांना एकूणच लांबच्या गोष्टींचं प्रेम. आगपेटी फाटकाजवळच्या दुकानात मिळत असताना ते खोपोलीहून आणत. मिरची घाटावरचीच पाहिजे. काकू तवा आपटत म्हणत, "जावई पन तसाच आणला यांनी. लांबचा."

हे मात्र थट्टेतलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी मथू. जावई कर्जतच्या रेल्वे शेडमधला फिटर, कामात हुशार, निर्व्यसनी. त्याला आफ्रिकेच्या रेल्वेत नोकरी मिळाली. काकू नको म्हणत होत्या. काका म्हणाले, पोरगी जग बघेल. मथू बोटीने गेली आणि पुढे लढाई सुरू झाली. बोटींचा काही नेम राहिला नाही. चार वर्षं काकूंनी मुलीला पाहिलं नव्हतं. त्या काकांशी बोलत, वाढत, डोक्याला तेल लावून देत, पण मथूचं नाव निघालं की उठून आत जात. काका मग रेडिओचा काटा फिरवत बसत.

एका पावसाळ्याअखेर आफ्रिकेहून कर्जतला परतलेल्या एका माणसाने निरोप आणला. तिथल्या रेडिओवर हिंदुस्थानी लोकांसाठी कार्यक्रम असतो, त्यात दिवाळीच्या पाडव्याला चार बायका गाणार आहेत. मथू गौरीचं गाणं म्हणणार आहे.

काकू चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "लागंल का ते यात?" इतकंच विचारलं. मथूच्या लग्नानंतर रेडिओबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिलाच प्रश्न असेल.

"लागंल म्हंजे? ताजी वीज हाय आपली!" काका म्हणाले.

त्या रात्रीपासून काका आफ्रिकेच्या मागे लागले. पण आफ्रिका काही येईना. यायची ती एक अखंड घुरघुर, गाईच्या पोटात कान लावल्यासारखी. त्या घुरघुरीखाली कुणीतरी आहे एवढं कळायचं. काकांनी बांबू उंच केला. तार बदलली. रोज सकाळी मी आणि काकू रेडिओची तार पुरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात घागरीने पाणी ओतत होतो, कारण जमीन ओली असली की आवाज खुलतो म्हणे. जमीन खुलली, तिथे अळू छान वाढलं, आवाज तसाच.

मग एक दिवस काका खालापूरला गेले. तिथे तेलाच्या इंजिनावर भातगिरणी चालवणारा त्यांचा एक दोस्त होता. त्याच्या गावात वीज नव्हती म्हणून त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, आणि ती बॅटरी काका वीजघरात भरून देत. त्याच्या ओटीवर बसून काकांनी सहज काटा फिरवला, तर आफ्रिका समोर उभी. स्वच्छ, शेजारच्या घरातून बोलल्यासारखी.

काका घरी आले ते अंगणातच उभे राहिले. आमच्या छपरांवरून वीजघराच्या जाड तारा मुंबईकडे जात. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी दारात होते. मला म्हणाले, "बाय, ही ताजी वीजच घुरघुरते गं. तीच आड येते."

दुसऱ्या दिवशी ते सरळ इंजिनियरसाहेबांकडे गेले आणि पाडव्याला संध्याकाळी अर्धा तास वीजघर बंद ठेवता येईल का, असं विचारून आले. साहेब हसून म्हणाले, "तुमच्या मुलीच्या गाण्यासाठी मुंबईच्या ट्रामा थांबवू का?" काका म्हणाले, "थांबत असतील तर बघा." ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस वीजघरात लोक सांगून सांगून हसत होते. काकाही हसत.

शेवटी असं ठरलं की गिरणीवाल्याचा रेडिओ आणायचा आणि तारांपासून दूर, नदीपलीकडच्या ठाकूरवाडीत जाऊन ऐकायचं. पाडव्याला दुपारी गिरणीवाले बैलगाडीतून स्वतः रेडिओ घेऊन आले. गोधडीत गुंडाळलेला, खाली पेंढा, आणि ते वरून धरून बसलेले. "बाळंतीन आनल्यावानी आनलाय," म्हणाले. मला काकूंनी ओढून सोबत नेलं. "तू चल गं. ते हिंदीत काय सांगतील ते मला कळायचं नाय. तू चौथी शिकलीस."

वाडीतल्या एका म्हातारीच्या अंगणात आम्ही उतरलो. ती काकूंकडे करवंदं, रानभाजी घेऊन यायची, त्यामुळे ओळख होती. काकांनी सागाच्या झाडाला तार बांधली, झऱ्याकाठच्या ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोकली. म्हातारी सुपात नाचणी पाखडत सगळं बघत होती.

"कुठं दिलीस पोर?" तिने काकांना विचारलं.

"आफ्रिकेला. दर्यापलीकडं."

"हां," म्हातारी म्हणाली. "पोर हाक पोचंल येवढ्यावर द्यावी."

गिरणीवाले हसले. काकू हसल्या नाहीत.  काका उगाच सळई पुन्हा ठोकत बसले.

अंधार पडला तसा वाडीत दिवे लागले. काकांनी रेडिओ सुरू केला. घुरघुर नव्हतीच. आधी कुणी पेटी वाजवली, मग एका गुजराती बाईचं गाणं झालं, मग दुसरीचं. त्यानंतर निवेदक काहीतरी बोलला. त्यात 'मथुराबाई' एवढं मला कळलं. काकूंना सांगायची गरज पडली नाही.

मथूचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. जाडसर, थोडा घाबरलेला. तिने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली.

आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको, पण गौरीचं गाणं एकटीने म्हणायचं नसतं. एकीने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. मथूला सवय तीच. तिकडे झेलायला कुणी नव्हतं, तरी तिने ओळ सोडली आणि तेवढी जागा मोकळी ठेवली.

त्या मोकळ्या जागेत काकूंनी ओळ झेलली.

कुणाला काही कळायच्या आत. बसल्या जागेवरून, पदर सावरत, अगदी अंगणात फेर धरल्यासारखी. मथूने दुसरी ओळ सोडली. काकूंनी झेलली. तिसरीला म्हातारीही सूप बाजूला ठेवून काकूंच्या मागे म्हणू लागली. शब्द तिला येत नव्हते, नुसता सूर धरला होता. मी तोंडाला पदर लावून बसले होते, पण चौथ्या ओळीला माझाही आवाज निघाला.

लांबच्या स्टेशनचा आवाज एकसारखा राहत नाही. लाटेसारखा वर येतो आणि बुडतो. तशी मध्येच मथू बुडाली. नुसती खरखर. गिरणीवाले म्हणाले, "गेली!" काकांचा हात काट्याकडे गेला. पण काकू थांबल्या नाहीत. मथूची ओळही त्याच म्हणू लागल्या आणि झेलूही लागल्या. काकांनी हात मागे घेतला. थोड्या वेळाने खरखरीतून मथू वर आली, तेव्हा त्या दोघी एकाच शब्दावर होत्या.

मथू पुन्हा बुडाली. काकूंचं चालूच होतं. काकांनी काटा फिरवला नाही. त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला, मग बंदच केला, आणि काकूंचं गाणं संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत बसले.

 परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "आवाज बसलाय तिचा. गार पानी पीत असंल."

"लहानपणापासून तसंच," काका म्हणाले.

"तुमीच सवय लावलीत. झऱ्यावर न्यायचात."

आणि नदी ओलांडून आमच्या खोल्यांचे दिवे दिसेपर्यंत ती दोघं मथूबद्दलच बोलत राहिली.

लढाई संपली, बोटी सुरळीत सुरू झाल्या. काका कामावरून निवृत्त झाले तेव्हा मथूला दिवस गेल्याचं कळलं होतं. दोघांनी आफ्रिकेला जायचं ठरवलं. रेडिओ काकांनी गिरणीवाल्यांना देऊन टाकला. त्यांच्या गावात वीज येणार म्हणून बोलवा होती.

निघायच्या दिवशी आम्ही स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. दुपारची गाडी, डबा रिकामाच होता. ट्रंक वर चढवली, वळकटी चढवली. काकूंनी मथूसाठी घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी मात्र काकांनी कुणाच्या हातात दिली नाही. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली ती बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते खिडकीशी बसले.

"अहो, ठेवा ना खाली, बाकाखाली," काकू म्हणाल्या.

"सांडंल," काका म्हणाले.

गाडी सुटली. आम्ही हात हलवले. काकांना हलवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी मान हलवली. पुढे ती दोघं तिकडेच राहिली, परत आल्याचं काही कळलं नाही. मला काका आठवतात ते तसेच, खिडकीत. गाडी पार वळणावर गेली तरी बरणी त्यांनी खाली ठेवली नव्हती.