माठ फुटला की जाऊ

त्या दिवशी सकाळी बादली वाजली, पण मागून पाण्याचा आवाज आला नाही. मी भाकरी थापत होते. बाजूच्या चहाच्या हॉटेलातला मलबारी धावत आला, "चाची, उस्मानभाई गिर गया..." आमचे हे दुकानापुढे माठाजवळ आडवे पडलेले, बादली कलंडलेली. संपलं होतं.

ओमानात, सोहारच्या अलीकडे आमचं टेलरिंगचं दुकान. मी रत्नागिरीहून आले तेव्हा इथे गावच नव्हतं. रस्ता, हा पत्र्याचा गाळा नि मागे आमची खोली. बाकी वाळू. ह्यांनी दारात माठ ठेवलेला. रोज सकाळी शिळं पाणी कडुलिंबाच्या रोपाला ओतायचं, माठ धुवायचा, ताजं भरायचं. तेही टँकरचं पाणी. मी म्हणायची, "आपल्याला अंघोळीला एक बादली, नि ट्रकवाल्यांना माठभर?" हे हसायचे. "पाण्याला थांबतो तो तुटलेलं बटण पण लावून घेतो गो."

झालं पण तसंच. ट्रक थांबायला लागले म्हणून पंक्चरवाला आला, मग मलबारी, मग वाणी... बंदराचं काम निघालं तशा इमारती, बँक, सिग्नल. रस्ता रुंद झाला नि लांब सरकला. मशिदीपाशी थंड पाण्याचं मशीन बसलं. माठाकडे कुणी बघेना. मी म्हटलं, "आता खलास करा. गावी जाऊ."

"जाऊ, इन्शाल्ला. हा माठ फुटला की."

एकदा पाण्याला कोऱ्या मातीचा वास आला. जुना माठ फुटलेला, नि ह्यांनी मला न सांगता तसाच दुसरा आणून ठेवलेला. मी पेला रिकामा केला. "आज पाणी गोड लागतंय," एवढंच म्हटलं. ह्यांनी मान खाली घातली नि सुईत दोरा ओवायला लागले. जन्मभराचा टेलर, पण दोरा काही जाईना. त्यानंतर मी गावाचं नाव काढलं नाही.

आता हे इथल्याच मातीत आहेत. माझा विसा ह्यांच्या नावावर, तो ह्यांच्याबरोबरच संपला. नवरा गेला की बाईने इद्दतीत घराबाहेर पडायचं नसतं, तेवढे दिवस अर्बाबने, दुकानाच्या अरब मालकाने, सरकारकडून मागून घेतलेत. मग मला जायचंय. इतकी वर्षं जायचंच होतं... आता पाय निघत नाही.

पहिले काही दिवस बाहेर काहीच आवाज नव्हता. माठातलं पाणी तसंच पडून असणार. मग एका सकाळी बादली वाजली. शिळं पाणी कडुलिंबाच्या मुळाशी पडलं. मलबारी असेल. मी विचारलं नाही. रोज कान देऊन तेवढं ऐकते, मग चहा ठेवते.

माठ अजून फुटलेला नाही.