देवापुढची चुळबूळ

आमचे हे न्हावी. पायाला भिंगरीच! प्रार्थनेला डोळे मिटले, तरी बोटं कात्रीसारखी चालतात. मी चिडायचे, "देवासमोर तरी बूड टेका!" हे म्हणायचे, "अगं, वॉर्डातल्या आजोबांची दाढी खाजत असेल," आणि पेटी उचलून दवाखान्यात पळायचे. तेही फुकट!

काल हे टॉवेल विसरले, म्हणून तो घेऊन मी मागोमाग गेले. लकवा झालेल्या आजोबांचा गाल ताणून हे वस्तरा फिरवत होते. हात अगदी स्थिर, ओठ मात्र प्रार्थना पुटपुटत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या केसांच्या पार जटा झाल्या होत्या.

आज डोळे मिटले, तर त्याच जटा दिसायला लागल्या. मी ताडकन उठले.

"देवासमोर तरी बूड टेक," हे हसले.

"गप्प बसा! मोठा कंगवा कुठे ठेवलाय?"