कोपऱ्यातला पिवळा चौकोन

जिन्याखालच्या त्या दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर रस्त्यावर जाऊन घ्यायचा. तिथं ती एकवीस वर्षं बसते आहे. आसपासचे लोक तिला स्क्रूताई म्हणतात. कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तिला वाटतं, सरकारी माणूस आला, आणि ती पटकन चष्मा नीट करते.

त्याआधी ती रेडिओच्या कारखान्यात होती. लांबलचक बाकावर चाळीस बायका ओळीनं बसायच्या आणि एकेकीच्या वाट्याला सोल्डरचे दोन-दोन टाके यायचे. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या रडत घरी गेल्या, आणि ही बाई मुकादमाशी भांडून आपली सोल्डरिंगची कांडी घेऊन आली. लग्नाचं जमलं नाही, तिनंही फारसं जमवलं नाही. रेडिओ गेले, मोबाइल आले, टॅब्लेट आले. ती म्हणायची, "पोटात काय आहे ते बघायचं. वरचं झाकण दर वर्षी बदलतंच."

तिची खरी ख्याती म्हणजे म्हातारे टॅब्लेट. चार-पाच वर्षं झाली की कंपनी हात वर करते, नवं काही पाठवत नाही, आणि धडधाकट यंत्र गोगलगायीसारखं चालायला लागतं. स्क्रूताई त्यातली कंपनीची सिस्टिम काढून टाकायची आणि दुसरी, हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम घालायची. यंत्र पुन्हा पळायला लागायचं. फक्त एक गोम होती. दुसरी सिस्टिम घालायची तर आधी कंपनीचं कुलूप उघडावं लागतं, आणि ते कुलूप उघडलं की आतलं सगळं, अगदी सगळं, पुसलं जातं. मग कितीही डोकं आपटा, परत येत नाही.

म्हणून दुकानात पाटी होती: विचारल्याशिवाय पुसणार नाही. आणि विचारायची तिची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, यंत्र त्याच्याच हातात ठेवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. फोटो कुठं आहेत? नंबर कुठं आहेत? आणि रोज वापरता पण कुठं साठतंय ते माहीत नाही, असं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी हसायचे. मग हातातल्या यंत्राकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलायचा. "अरे हो, माझे विणकामाचे नमुने!" "बाप रे, आईची औषधांची वेळ!" यंत्र हातात असलं की माणसाला आठवतं, काढून घेतलं की आठवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक असलेली बाई जे करून बसली ते ऐका.

तिचा थोरला भाऊ, दादा, भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. काय आवाज होता! सकाळी सहाला त्यानं पहिला भाव पुकारला की पलीकडच्या गल्लीतली पोरं उठून बसायची. घरातही तेच. वहिनी शाळेच्या ऑफिसात कारकून होती, बोलणं हळू, जरा घोगरं. तिचं वाक्य निम्मं होईपर्यंत दादा ते पूर्ण करून, वर उत्तरही देऊन मोकळा व्हायचा.

मग एके दिवशी लिलाव चालू असतानाच दादाचं तोंड वाकडं झालं. अर्धांगवायू. उजवा हात गेला, पाय थोडाफार परत आला, वाचा काही आली नाही. सगळं कळायचं, ऐकू यायचं, पण गळ्यातून निघायचा तो एकच आवाज, "हं." हो म्हणायला हं, नाही म्हणायला हं, रडायलाही हं.

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, टॅब्लेटवर बोलायचा तक्ता मिळतो. पडद्यावर चौकोन असतात, चौकोनावर चित्र, बोट लावलं की शब्द ऐकू येतो. स्क्रूताईनं तो घालून दिला. पण यंत्राचा आवाज ऐकून दादानं तोंड फिरवलं. तो बाई की बाप्या ते कळेना, आणि "पाणी" असं म्हणायचा की ऐकणाऱ्याची तहान जावी. तेव्हा वहिनी म्हणाली, "राहू दे. मी बोलते."

चौसष्ट चौकोन भरायला तिला दोन महिने लागले. घरातलाच पेला, घरातलाच पंखा, घरातलीच चादर, सगळ्याचे फोटो काढले आणि एकेका शब्दाला आपला आवाज दिला. पाणी हवंय. पंखा लावा. पाठ दुखते. तुझंच खरं. काय कटकट आहे! एक शिवीही होती. दादानं ती हवीच म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं, तेव्हा वहिनीनं दार लावून घेतलं आणि जेमतेम ऐकू येईल अशी म्हटली, "गाढवा." दादा इतका हसला की ठसका लागला.

"जन्मभर मला बोलू दिलं नाहीत," वहिनी म्हणाली, "आता बोला माझ्याच तोंडानं."

शेवटचा चौकोन उरला खालच्या कोपऱ्यात, पिवळा. तो तिला हाक मारण्यासाठी. तिनं "अगं" म्हणून पाहिलं, कारण दादा तिला तशीच हाक मारायचा. दादानं मान हलवली. तिनं स्वतःचं नाव म्हटलं. नाही. शेवटी वैतागून ती म्हणाली, "अहो, मग काय म्हणू?" आणि दादानं टेबलावर डावा हात आपटला. अहो. तेच हवं होतं त्याला. तेव्हापासून घरात गंमतच झाली. दादा पिवळा चौकोन दाबायचा, खोलीतून वहिनीचा आवाज यायचा "अहो", आणि स्वयंपाकघरातून खरी वहिनी म्हणायची, "आले हो, आले."

चार वर्षांनी वहिनी गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिन्यांत आटोपलं. स्क्रूताई आपलं बिऱ्हाड गुंडाळून दादाकडे राहायला आली. दादा बोलत राहिला, वहिनीच्याच आवाजात. पाणी हवंय. पंखा लावा. पहिले काही दिवस स्क्रूताईला ते ऐकवत नसे, मग सवय झाली, आणि मग तर वाटायला लागलं की घरात अजून तीन माणसं आहेत.

संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे वहिनीची शाळेतून यायची जी वेळ, त्या वेळेला दादा खिडकीशी बसून पिवळा चौकोन दाबायचा. एकदाच. "अहो," वहिनी म्हणायची. आणि दादा म्हणायचा, "हं." आता ती हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. स्क्रूताई त्या वेळी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायची.

पण टॅब्लेट म्हातारा झाला. बोट लावलं की विचार करत बसायचा. दादानं पाणी मागावं, स्क्रूताईनं वाट बघून निघून जावं, आणि रिकाम्या खोलीत मिनिटभरानं वहिनीनं म्हणावं, "पाणी हवंय." एकदा जेवण होऊन ताटं घासून झाली, तेव्हा आतून आवाज आला, "भूक लागली." दोघंही हसली. पण नंतर दादा तीन दिवस काही बोललाच नाही. साडेपाचची हाक पावणेसहाला यायला लागली, कधी यायचीच नाही. दादा बोट दाबून धरायचा, नख पांढरं व्हायचं.

"अरे, तुझी बहीण गावाचे टॅब्लेट पळवते आणि तुझा असा रखडतो?" एका रविवारी सकाळी ती म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आण इकडं. संध्याकाळी साडेपाचच्या आत परत देते."

तिनं टॅब्लेट बंद केला, फडक्यात गुंडाळला, पिशवीत टाकला. चपला घालता घालता सवयीनं तिसरा प्रश्न विचारला. "आणखी काही आहे का रे आत, मला न दिसणारं?"

दादानं डावा हात उचलला. बोटं हलवली. "हं," म्हणाला. "हं, हं."

"बरं बरं, येते," ती म्हणाली आणि जिना उतरली.

दुकानात तिनं सगळं रीतसर केलं. फोटो काढून ठेवले, नंबर काढून ठेवले. मग वहिनीनं बनवलेला एक फोल्डर सापडला. त्याचं नाव होतं, ह्यांचा आवाज. तिला भरूनच आलं. वहिनीची टापटीप! तिनं तो अख्खा उचलून संगणकात ठेवला. नाव वाचलं, आत किती आहे ते मोजलं नाही. गिऱ्हाइकाचं असतं तर एकेक उघडून ऐकवलं असतं. घरचंच होतं, वहिनीचंच होतं, तपासायचं काय त्यात?

तिनं कुलूप उघडलं. यंत्रानं विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? तिनं म्हटलं, चालेल.

नवी सिस्टिम सुरेख बसली. पडदा बोट लावायच्या आत उघडत होता. तिनं तक्ता पुन्हा घातला. चौसष्ट चौकोन आले, सगळे करडे, सगळे कोरे. ठीक आहे, म्हणाली, आता आवाज भरू. फोल्डर उघडला तर त्यात अकरा तुकडे. फक्त अकरा.

पहिला लावला. वहिनीचं खोकणं. दुसरा. "पाणी ह… छे, भांडं पडलं." तिसऱ्यात नुसता नळाचा आवाज. तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिकताना वहिनीनं साध्या रेकॉर्डरवर केलेला तो सराव होता, बिघडलेला, टाकून दिलेला. खरे शब्द तिनं तक्त्यातच बोलून ठेवले होते आणि तक्ता ते आपल्या पोटात ठेवायचा, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. तिसरा प्रश्न नेमका त्यासाठीच तर होता. तिचा स्वतःचा प्रश्न!

तिनं तीन तास सगळं करून पाहिलं. काहीही होणार नाही हे तिला पहिल्या मिनिटालाच माहीत होतं, तरी केलं. आणि मग स्टुलाकडे बघताना तिला तो हात आठवला. दादानं उचललेला डावा हात. तो निरोपाचा नव्हता. तो पिशवीकडे होता. प्रश्न विचारला होता तिनं, आणि उत्तर द्यायचं तोंड फडक्यात गुंडाळून खांद्याला लावलं होतं. मेले मी, ती मोठ्यानं म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं.

साडेपाचच्या आत ती घरी पोचली. शब्द दिला होता ना. दादा खिडकीशी बसला होता. त्यानं हात पुढं केला. तिनं टॅब्लेट दिला आणि तिथंच त्याच्या पायाशी खाली बसली.

"दादा, वहिनी गेली रे," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य तिनं त्याला दवाखान्यातून येऊन सांगितलं होतं. "माझ्या हातून गेली. मी पुसली."

दादानं कोरे चौकोन पाहिले. बोटानं एकेक दाबत गेला, वरच्या ओळीपासून खालपर्यंत, पिवळा जिथं होता तिथपर्यंत. काही ऐकू आलं नाही. "सरावाचे अकरा तुकडे तेवढे उरलेत, पेनड्राइव्हवर, पिशवीत आहेत," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, तो फेकेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला आणि बाहेर बघत राहिला. सकाळी काय सांगायचं होतं ते तिनं नंतर कितीदा तरी विचारलं. त्याला सांगता येत नाही. त्यासाठी चौकोन नव्हताच कधी.

चार दिवस त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. पाचव्या दिवशी ती दुकान बंद ठेवून त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "माझा आवाज फाटका आहे, पण तहान तर भागेल." पेल्याचा फोटो काढला, म्हटलं, "पाणी हवंय." पंख्याचा काढला. मग बाकीचे. "तुझंच खरं" म्हणताना तिला म्हणवेना, पण म्हटलं. शिवी मात्र तिनं झकास दिली. दादा हसला नाही.

शेवटी पिवळा चौकोन उरला. भावाला अहो म्हणणारी बहीण कुठं असते? "मी म्हणू का रे?" तिनं तरी विचारलं. दादानं जोरात मान हलवली आणि बोट उचलून तिच्या पिशवीकडे दाखवलं. या वेळी तिला कळलं. तिनं ते अकरा तुकडे काढले आणि एकेक लावला. खोकणं, भांडं, नळ. दादा डोळे मिटून ऐकत होता. नवव्या तुकड्याला त्यानं तिचा हात धरला.

"अ…" असं म्हणून वहिनीला त्यात हसू फुटतं. मग हसता हसताच ती म्हणते, "थांबा हं, पुन्हा करते." आणि तुकडा संपतो.

स्क्रूताईनं तो पिवळ्या चौकोनात घातला. दुकानात ती अजून बसते, पण दुसऱ्या सिस्टिमची कामं घेत नाही, पाटीही उतरवली आहे. साडेपाचला मात्र घरी असते आणि आता दुसऱ्या खोलीत जात नाही. टॅब्लेट एकदम वेगवान झालाय. दादाचं बोट टेकलं की लगेच वहिनीचा आवाज येतो, "अ… थांबा हं, पुन्हा करते."

आणि दादा ओ देत नाही. थांबतो.