आधी बाप्यांना सुई

बायकांना सुई टोचताना नर्सबाईंचा हात हलका असायचा, बाप्यांना टोचताना जड. कुणी म्हणेल, हा माझा भास. भास नाही. पुढे पुढे त्यांच्या सुया उकळायला मीच बसायची. मी डोळ्यांनी बघितलं आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. कागलकडच्या आमच्या गावात गरमीचा रोग पसरला होता. कारखान्यावर ऊस घेऊन गेलेले गडी बाजारात मुक्काम करायचे आणि येताना रोग घेऊन यायचे. कुणाची पोरं पोटातच मरायची, कुणाची अंगावर फोड घेऊन जन्मायची. नाव मात्र बायकांचं खराब. माझी दोन मेलेली जन्मली. सासू विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणायची, "हिच्या पोटातच खोट हाय." माझा नवरा तालमीतला पैलवान. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आपण बाजारात कुठे जातो ते त्याला ठाऊक होतं.

नर्सबाई कोल्हापूर शहरातल्या. अंगाने जाड, आवाज त्याहून जाड. रक्त तपासायचं शिबीर तालमीत भरलं. गावकऱ्यांनी आम्हा बायकांना रांगेत उभं केलं आणि आपण पारावर पान खात बसले. ते बघून नर्सबाई बाहेर आल्या.

"तुमच्यात जेवायला आधी कोण बसतं?"

"आमीच की. रीतच हाय ती," सरपंच म्हणाले.

"आणि लग्नात मानाचा फेटा?"

"त्यो बी आमालाच. बायकांस्नी फेटं बांधत्यात व्हय?"

"मग सुईचा मानही तुमचाच. उठा पावणं!"

बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. आमच्यासमोर भित्रा कोण ठरणार? सरपंच उठले, मागोमाग बाकीचे उठले. माझा नवरा मात्र म्हशीचं निमित्त सांगून मागच्या मागे पळाला.

"नुसत्या बायकांना औषध देऊन काय करू? तुम्ही घरी जाऊन परत रोग देणार," असं त्या बाप्यांच्या तोंडावर बोलायच्या. पण ज्यांचे नवरे पळाले त्या बायकांना त्यांनी उपाशी ठेवलं नाही. तान्ही पोरं बघायच्या निमित्ताने घरात शिरायच्या आणि न्हाणीत नेऊन सुई द्यायच्या. शेजारच्या घरात मलाही तशीच दिली.

तेवढ्यात सासूने आजऱ्याकडची मुलगी बघितली. ती घरात आणायची आणि मला माहेरी धाडायचं, असं ठरलं. मी नर्सबाईंना गाठलं. म्हटलं, "पावण्यांस्नी तुमी येऊन सांगा, माझं रक्त कुणी नासवलं ते."

"नाही सांगणार. कुणाच्या रक्तात काय निघालं, ते मी मरेपर्यंत बोलणार नाही."

मला राग आला. मी उठले, तर त्यांनी हात धरला. "अगं, पण रक्त तुझं आहे. तुझं तू सांगितलंस तर तुझं तोंड कोण धरतंय?"

पावणे आले. पोहे झाले. चहा मीच नेला. मुलीच्या आईसमोर कप ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आक्का, मला गरमी हाय. म्हायेरात न्हवती, हितं आल्यावर झाली. दोन पोरं त्यातच गेली. लेक द्यायची तर द्या, पण आधी ह्यांचं रक्त बघून घ्या."

सासू ओरडली, "याड लागलंय हिला!"

मुलीचा बाप नवऱ्याकडे वळला. "व्हय पैलवान? तपासलंय न्हवं रक्त?"

"न्हाय... म्हंजे, जायाचंच हुतं की."

"मग जाऊन या," म्हणाला आणि त्याने टोपी घातली. चहा तसाच राहिला. ही बातमी माझ्याआधी विहिरीवर पोचली.

आता दुसरी सोयरीक यायची आशा संपली. सासूनेच लेकाला तालमीत ढकललं. मी मुद्दाम दाराबाहेर उभी राहिले. आतून "आई गं!" ऐकू आलं. मग नर्सबाईंचा आवाज, "एवढ्यात? लंगोट सोडून ठेव की मग." आयुष्यात गोड आवाज मी थोडेच ऐकले, त्यातला हा एक. त्याच्या सगळ्या सुया होईपर्यंत मी दर वेळी दाराशी जाऊन उभी राहायची.

पुढे गावातल्या मोठ्या माणसांनी नर्सबाई उद्धट आहेत असे अर्ज केले आणि त्यांची बदली झाली. निघाल्या तेव्हा माझी लेक रांगायला लागली होती. त्यांनी तिचे डोळे, तळहात, तळपाय उलटसुलट करून बघितले आणि चांगली आहे म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, आता ह्यास्नी माफ करू का?"

"रोग बरा करायचं माझं काम. माफीचं तू बघ," म्हणाल्या आणि एसटीत चढल्या. मागे वळून हातसुद्धा केला नाही.

मी बघितलं. नवरा म्हातारा होऊन मेला. शेवटपर्यंत त्याला वेळेवर भाकरी घातली, हागणं-मुतणं काढलं, पण माफ केलं नाही. त्याने शेवटच्या आजारात एकदा विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. लेक म्हणते, "आई, बाबा गेलं की आता. किती धरून ठेवशील?"

तिला मी म्हणते, "तुला बाप हुता, तू सोड. त्या दोघांच्या बाजूनं धरून ठेवायला माझ्याबिगर कोण हाय?"