पाच पायऱ्या

शहरातल्या प्रत्येक दाराची कुंडली टपालकाकांना पाठ होती. छत्तीस वर्षं पत्रं वाटलेली. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला मनावर घेतो, कुठली घंटा वाजते आणि कुठली शोभेची, सगळं तोंडपाठ. पायऱ्या तर बोटांवर. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण आठवण अजून नोकरीवर होती.

म्हणून चाकाच्या खुर्चीतली त्यांची लेक कुठे जायचं मनात आलं की आधी त्यांना विचारी.

"नाट्यगृह?"

"पाच पायऱ्या. त्याही उंच."

"तळ्याकाठची बाग?"

"फाटकातच तीन."

"वाचनालय?"

"त्याचं नावच काढू नकोस."

"बाबा, या शहरात सपाट असं काही आहे का हो?"

"माझं डोकं," काका टकलावरून हात फिरवत म्हणत. लेक हसे आणि पुन्हा मुद्रितांत डोकं घाली. घरबसल्या छापखान्याची मुद्रितं तपासणं हे तिचं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता ती चौतीस वर्षांची झाली होती.

एका मंगळवारी छापखान्यातल्या मैत्रिणीने तिच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. खुर्चीवाल्यांना कुठे सहज जाता येतं, ते त्यात लोकांनीच भरलेलं. जाता येईल तिथे हिरवा ठिपका.

"बाबा, नाट्यगृहाला बाजूने उतार आहे म्हणे. फोटो टाकलाय कुणीतरी."

"नवा केला असेल."

"उतारावर शेवाळ आहे, बाबा."

काकांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

ती पंधरा वर्षांची असताना ते तिथे तिकिटं काढायला गेले होते. खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, "आणा की खुर्ची, उतार आहे. फक्त मागे कोपऱ्यात ठेवा. लोक करमणुकीला येतात, त्यांचा मूड जातो." काका तसेच परतले. लेक नवा ड्रेस घालून दारातच बसली होती. काय झालं, असं तिने विचारलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "पाच पायऱ्या आहेत गं." पहिली थाप जड गेली. पुढच्या थापांना सराव होता.

आज, एकोणीस वर्षांनी, त्यांनी तिला खिडकीवरच्या माणसाचं ते बोलणं सांगितलं. शब्द न् शब्द.

"एवढंच?" ती म्हणाली. "मी ऐकून घेतलं असतं."

"मला नसतं ऐकवलं."

"मग तुम्ही घरी थांबायचं होतं, बाबा. मी का थांबले?"

काकांचा हात टकलावर गेला आणि तिथेच राहिला. छत्तीस वर्षांत पत्ता सापडला नाही असं एकदाही झालं नव्हतं.

लेकीने मोबाइल जवळ ओढला. नकाशावर बऱ्याच जागा अजून कोऱ्या होत्या. "तुम्हाला सगळं माहीत आहे. सांगा, मी भरते. वाचनालय?"

"मागच्या बाजूने सरळ आत जाता येतं."

"बाग?"

"तळ्याकडचं फाटक. एकही पायरी नाही."

"कधीपासून?"

असा रकाना अ‍ॅपमध्ये नव्हता. काकांना ते कळलं.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून," ते म्हणाले.

तिने बोट काचेवरून उचललं. मग बोट पुन्हा काचेवर ठेवून, वर न बघता म्हणाली, "पुढचं सांगा."